चतुःसीमा

पूर्वेस लुडविकचं कुरण.
पश्चिमेस ओढा, जो नकाशावर निळा आहे
आणि ऑगस्टात नुसते दगड.
दक्षिणेस गाडीवाट.
उत्तरेस पोहोर्येचा डोंगर, वर वर गेलेला,
त्याला कोणी मालक लिहिलेला नाही.

येणेप्रमाणे चतुःसीमा असलेलं सव्वा हेक्टर जंगल
मी श्टेफकाबाईंकडून विकत घेतलं,
कागदाच्या गिरणीत अठ्ठावीस वर्षं
रिमं मोजून झाल्यावर.

बहीण म्हणाली, जिथे धड उभं राहता येत नाही
ती जमीन कसली?
खरंच होतं. पहिल्याच दिवशी
हातातून निसटलेला थर्मास गाडीवाटेपर्यंत गेला
आणि त्याच्यामागे मी,
बसल्या बसल्या.

त्याआधी तीस दिवस विक्रीची नोटीस
कचेरीतल्या फळ्यावर टाचलेली होती.
शेजाऱ्याचा हक्क पहिला, असा इथला कायदा.
मी रोज जाऊन बघून यायचे,
जणू कागद वाळत घातलाय.
एकतिसाव्या दिवशी लुडविक दुकानात भेटला.
मला नकोच होतं ते, म्हणाला,
त्या उताराला घोडा लागतो,
तुझा तर गुडघाही भाड्याचा.

हद्दीचे दगड शोधायला एक अख्खा मार्च गेला.
तीन सापडले. चौथा
नेच्यांखाली होता, पण कागद सांगतो
त्याहून चार पावलं माझ्या बाजूला.
बांध कोरायला नांगरच लागतो असं नाही,
तीन पिढ्यांचा संयम पुरतो.
मी काही बोलले नाही.
दगडावर शेवाळ परत ओढून ठेवलं.

झाड माझं,
पण तोडायचं कुठलं ते सरकारी वनपाल ठरवणार,
येर्नेय, हातात शिक्क्याचा हातोडा घेऊन,
पोराच्या वयाचा.
तो खोडाला कान लावत नाही, थोपटत नाही,
बुंध्याशी वाकतो आणि बोटावर
तपकिरी पूड घेतो, कॉफीसारखी.
आलाय, एवढंच म्हणतो.

साल सोलून दाखवली त्याने.
मधोमध आईचा एक सरळ रस्ता,
दोन्ही अंगांना पोरांच्या गल्ल्या,
पुढे पुढे रुंद होत गेलेल्या,
कारण खात खातच वाढलेली ती.
किडा असला तरी
घर नीट बांधलेलं.

एक्केचाळीस स्प्रूस, वीस दिवसांत पाडा, असा आदेश.
ग्रेगा आला, त्याचा ट्रॅक्टर, त्याची तारेची चरखी.
भाव विचारू नका. साऱ्या खोऱ्याची झाडं
एकाच महिन्यात बाजारात उतरली होती.
बरे ओंडके करवतीच्या कारखान्यात गेले,
निळे पडलेले, वाकडे, शेंड्याकडचे
न्यायला एक ट्रक आला,
दारावर माझ्याच गिरणीचं नाव.
ड्रायव्हर नवा होता, ओळखलं नाही त्याने.
सवयीने मी मोजत राहिले, ओठ हलवत,
आणि पावतीवर सही केली
त्याच जुन्या वळणाची.

मग ते भगदाड.
इतका उजेड, की मलाच चोरट्यासारखं वाटलं.
मी म्हटलं, आता काय लावू?
काही नाही, येर्नेय म्हणाला, थांब.
माझ्या पगारातलं निम्मं काम लोकांना थांबवायचं आहे.

दोन उन्हाळे काटेरी झुडपं.
तिसऱ्या वर्षी त्यांच्या आडून
बीचची रोपं, दोन पानांची,
कोणी न सांगता आलेली,
मेपल, आणि एक चांदफर, वीतभर.
आणि हरणं,
ज्यांना नेमका शेंडाच आवडतो.

शेंड्याला लोकर गुंडाळ,
तोंडात केस आले की सोडून देतात:
हे सांगितलं लुडविकने,
आणि पोतंभर मेंढीची लोकर
दारात टाकून गेला, मळकी, वास मारणारी,
पैशाचं नाव काढू दिलं नाही.

काल ऑक्टोबरातलं ऊन होतं. गुडघा बरा होता.
तेरा मेपलना गुंडाळली, चांदफरला दुहेरी.
चौदावा मेपल
त्या चौथ्या दगडाच्या अगदी पलीकडे निघाला,
म्हणजे त्याचा,
किंवा कागदाने माझा.
त्यालाही गुंडाळली.
लोकर त्याचीच होती.